मित्राच्या विमान कंपनीतील पासवर आई-वडिलांना अमेरिकेला आणावे का?

प्रश्न (शिकागो)
माझा अभियांत्रिकीचा वर्गमित्र येथील एका मोठ्या विमान कंपनीत नोकरीला आहे. नातेवाईक व मित्रांसाठी मिळणाऱ्या पासांपैकी दोन त्याने आपणहून माझ्या आई-वडिलांसाठी देऊ केले आहेत. दोघेही सत्तरीच्या जवळ असून नाशिकला राहतात. त्यांना मेअखेरीस आणून ऑगस्टपर्यंत ठेवून घ्यावे, असा विचार आहे. तिकिटाच्या मानाने खर्च बराच कमी दिसतो, पण जागा निश्चित नसते, असे मित्रानेच सांगितले. ही अनिश्चितता प्रत्यक्षात किती असते आणि वयस्कर माणसांना या पासवर आणणे योग्य ठरेल का?

उत्तर १
मी नऊ वर्षे अमेरिकेतील एका विमान कंपनीत गेटवर काम करते आहे. पासवरचा प्रवासी स्टँडबाय असतो, म्हणजे तिकीट काढलेल्या सर्वांना जागा देऊन काही उरले, तरच त्याचा विचार होतो. त्यातही आधी कर्मचारी आणि त्यांचे घरचे, मग निवृत्त कर्मचारी आणि बहुधा सर्वांत शेवटी मित्रांचे पास, असा क्रम लागतो. एकाच गटात कुठे नोकरीची ज्येष्ठता पाहतात, तर कुठे चेक-इनची वेळ. मुंबईहून येणाऱ्या थेट विमानाचे उड्डाण पंधरा-सोळा तासांचे असल्याने इंधन भरपूर लागते आणि समोरून जोराचा वारा असला की वजन आवरण्यासाठी काही आसने मुद्दाम रिकामी ठेवावी लागतात. त्यामुळे आदल्या दिवशी जागा दिसल्या, तरी त्या मिळतीलच असे धरून चालू नये. मेअखेर ते ऑगस्ट हा तर गर्दीचा हंगाम. त्या दिवसांत मी माझ्या स्वतःच्या आईलाही पासवर आणत नाही, तिकीट काढते.

उत्तर २
तीन वर्षांपूर्वी आम्ही आईला अशाच पासवर फ्रँकफुर्टमार्गे मुंबईला पाठवले. पहिल्या टप्प्यात जागा सहज मिळाली, पण पुढचे विमान भरलेले निघाले. गेटच्या पडद्यावर तिचे नाव अकराव्या क्रमांकावर होते आणि आत घेतले चौघांना. युरोपात प्रवेशासाठी लागणारा शेंगेन व्हिसा नसल्याने तिला विमानतळाबाहेर हॉटेलात जाता येईना, म्हणून तिने दोन रात्री खुर्च्यांवर काढल्या. बरोबर दिलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारी संपल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मोठी पाकिटे सामानात गेलेली होती. पर्समध्ये एकच पट्टी होती. युरोपात प्रवाशाला भरपाई आणि जेवणाची सोय मिळवून देणारा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याला लागू होत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले. तिसऱ्या दिवशी ऐनवेळचे तिकीट काढले, ते आधी काढले असते त्याच्या कितीतरी महाग पडले. आईने फोनवर एकदाही तक्रार केली नाही, याचाच मला अधिक त्रास होतो. कृपया आई-वडिलांना असे पाठवू नका.

उत्तर ३
दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरीही पास निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी एकट्याने, हातातल्या एका बॅगेवर शिकागोहून डेन्व्हरला जायचे असेल, तर तो जरूर वापरावा. दिवसाचे पहिले विमान धरावे, म्हणजे ते हुकले तरी पुढच्या विमानांची आशा राहते. परतीला एक दिवस हाताशी ठेवावा आणि ऐनवेळच्या तिकिटाचे पैसे बाजूला असावेत.

मित्राचाही विचार करावा. पासवर प्रवास करणारा कंपनीचा पाहुणा मानला जातो आणि त्याने नियम मोडल्यास कर्मचाऱ्याची सवलत जाऊ शकते. मार्च २०१७ मध्ये डेन्व्हरहून मिनियापोलिसला जाणाऱ्या दोन मुलींना युनायटेड या विमान कंपनीने लेगिंग्ज घातल्याच्या कारणावरून विमानात घेतले नव्हते, कारण त्या पासवर होत्या आणि पासधारकांना पोशाखाचे वेगळे नियम लागू होते. शिवाय अमेरिकी आयकर कायद्यात कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आई-वडिलांचा असा विमानप्रवास करमुक्त धरतात, मित्राच्या आई-वडिलांना ती सूट नाही. त्यामुळे या प्रवासाची किंमत त्याच्या उत्पन्नात धरली जाईल का, हे त्याला आधी विचारून घ्यावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आई-वडिलांची तिकिटे या आठवड्यातच काढतो आणि त्यांची औषधे हातातल्या पिशवीतच ठेवायला सांगतो. कराचे मात्र मित्राला आजच विचारतो. त्याला भुर्दंड पडणार नसेल, तर फेब्रुवारीत एक पास मी एकटा वापरेन.