व्योर्गलच्या तिकीटवाल्या नोटा: व्यवहारात कशा चालायच्या?

शाईदौत:
ऑस्ट्रियात टिरोलमधल्या व्योर्गल या बाजारगावानं १९३२ साली स्वतःच्या नोटा काढून ऐन मंदीत कामं काढली, इतकं माहीत आहे. पण नोटेची किंमत महिन्याला १ टक्क्यानं घटायची म्हणजे नेमकं काय व्हायचं? भुर्दंड कोणाच्या माथी? आणि असला कागद दुकानदार घेत तरी का होते?

घाटमाथा:
नोटेवरचा आकडा तोच राहायचा. नोटा १, ५ आणि १० शिलिंगच्या (शिलिंग हे तेव्हाचं ऑस्ट्रियाचं चलन, एका शिलिंगचे १०० ग्रोशन), त्यावर महिन्यांचे रकाने छापलेले. महिना सरला की त्या रकान्यात १ टक्क्याचं तिकीट डकवायचं. दहाच्या नोटेला १० ग्रोशनचं, एकच्या नोटेला १ ग्रोशनचं. तिकिटं गावाच्या कचेरीतून विकत घ्यायची. महिनाअखेरीला नोट ज्याच्या खिशात, भुर्दंड त्याचा. त्यामुळे गादीखाली दडवण्यात तोटाच. त्यापेक्षा उधारी फेडा, पीठमीठ भरा, नाहीतर कर भरून मोकळे व्हा.

दुकानदार घेत होते याचं कारण साधं. गाव ह्याच नोटा करापोटी पूर्ण किमतीला घ्यायचं. शिवाय तेवढेच खरे शिलिंग स्थानिक राइफायझन पतपेढीत तारण ठेवलेले असत आणि २ टक्के कापून नोट बदलून मिळे. ही दोन टेकणं काढली असती तर नोटा चार दिवसही चालल्या नसत्या.

हिशेबी:
घाटमाथा यांच्या उत्तरात एक भर. तिकिटांच्या कमाईवर हा गाडा चालला, असा समज असतो; तो चुकीचा. छापल्या ३२,००० शिलिंगच्या नोटा, पण एका वेळी फिरत होत्या सरासरी साडेपाच हजारांच्या. त्याचे वर्षाचे १२ टक्के म्हणजे जेमतेम ६६० शिलिंग. तेवढ्यात पूल होत नाही! खरी गोम लोकांकडे थकलेल्या करांत होती. महापौर मिखाएल उंटरगुगेनबेर्गर यांनी जुलैअखेरीस कामगारांची मजुरी या नोटांत दिली. मजुराकडून नोट बेकरीत, बेकरीवाल्यानं त्यातून जुना कर भरला, कचेरीनं तीच नोट पुढच्या मजुरीला वापरली. रस्ते, पूल, स्कीच्या उड्यांचा उतार, सगळं या फेऱ्यांतून झालं.

शाईदौत:
मग थांबलं का?

तळटीप:
राष्ट्रीय बँकेमुळे. चलन काढायचा हक्क फक्त तिचा. गावानं नोटांना ‘श्रमाचे दाखले’ म्हटलं होतं, पण नाव बदलून कायदा फसत नाही. शेजारच्या किर्खबिखलनंही हाच मार्ग धरल्यावर तर बँकेला ते चालण्यासारखं नव्हतंच. सप्टेंबर १९३३ मध्ये नोटा बंद झाल्या, नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या प्रशासकीय न्यायालयातही गाव हरलं.

या प्रयोगाला ‘व्योर्गलचा चमत्कार’ म्हणतात, तसं म्हणताना मात्र हात आखडता घ्यावा. करांची थकबाकी एकदाच वसूल होते. आणि घाऊक माल बाहेरगावचा. तिथल्या व्यापाऱ्याला शिलिंगच लागणार, म्हणजे बेकरीवाल्याचे २ टक्के गेलेच.

शाईदौत:
म्हणजे ३० तारखेला दहाची नोट घेणारा दुकानदार फसला म्हणायचं?

घाटमाथा:
३१ तारखेला कर भरायला गेला तर नाही. गल्ल्यातच ठेवली, तर १० ग्रोशन.