नाताळाआधी ब्रिटनमध्ये चित्रपटांचा गल्ला का घटतो?

प्रश्न: डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात यूकेचे तिकीटविक्रीचे आकडे खाली बसतात. मग मोठे कौटुंबिक चित्रपट तेव्हाच का लावतात?

प्रतिसाद १: खरेदी, ऑफिसच्या पार्ट्या, मुलांचे पँटोमाइम (नाताळातली विनोदी संगीत नाटकं), शाळाही साधारण २० तारखेपर्यंत चालू. पण आधी लावलेला चित्रपट सुट्टी लागेपर्यंत तोंडोतोंडी पोचलेला असतो. ‘वोन्का’ ८ डिसेंबर २०२३ ला लागला: पहिल्या वीकेंडला सुमारे ८९ लाख पौंड, शेवटी ६ कोटींच्या वर. पहिल्या तीन दिवसांवरून ‘पडला’ म्हणणं घाईचंच.

प्रतिसाद २: आकडे वाचताना एक खोच. म्हणतात यूके, पण आयर्लंड प्रजासत्ताकही त्यातच. शिवाय प्रिव्ह्यूंची, म्हणजे प्रदर्शनाच्या तारखेआधीच्या शोंची, कमाई पहिल्या वीकेंडमध्ये मिळवतात. ती वजा न करता दुसऱ्या आठवड्याची घसरण काढली की ती उगाच मोठी दिसते.

प्रश्नकर्ता: आणि २५ तारीख?

प्रतिसाद २: थिएटरं जवळपास सगळी बंद. (अमेरिकेत नेमका तोच दिवस धंद्याचा!) २४ ला शो लवकर आटोपतात, २६ पासून पुन्हा गर्दी. २५ शनिवार-रविवारी आली तर वीकेंडचा आकडा लंगडाच. अशा वर्षी शुक्रवार ते गुरुवार असा पूर्ण आठवडा ताडून बघा.