सेतू अभ्यासक्रम (मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायचा) ३० दिवसांचा, मग पुढे तिसरीचं काय करायचं? (जून २०२२)

तिसरीच्या बाई
झेडपीची द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे तिसरी-चौथी. ही तिसरीची पोरं जून २०२० ला पहिलीत आली म्हणजे नावालाच आली, कोरोनात दोन वर्षं बहुतेक व्हॉट्सॲपवर गेली आणि ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांचं तर तेही नाही. कोरोनात अभ्यासक्रमात २५ टक्के कपात होती, ती यंदा (२०२२-२३) नाही, पुस्तक पूर्ण घ्यायचंय. सेतूची पूर्वचाचणी घेतली तर निम्म्यांना काना-मात्रा जमत नाही. सेतू संपल्यावर पुस्तक धरू की बाराखडी? केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे) घटक नियोजन, म्हणजे कोणता धडा कधी ते, मागणार ते वेगळंच.

फळा_खडू
दोन्ही धरा. आम्ही परिपाठ झाला की दीड तास इयत्ता विसरतो, अक्षरवाले, शब्दवाले, उतारावाले असे गट, चौथीचा पोरगा दुसरीच्या पोरीशेजारी बसतो. ‘प्रथम’ नावाच्या स्वयंसेवी संस्थेची पद्धत आहे, कोरोनाच्या आधीपासूनची. फक्त दर पंधरवड्याला परत वाचून घ्या आणि गट बदला, नाहीतर तो कच्च्यांचा कोपरा होऊन बसतो.

एक पालक
मग ज्यांना येतं त्यांनी काय करायचं? माझी मुलगी घरी वाचायला शिकली, शाळेत परत कमळातला क, जाम कंटाळते.

फळा_खडू
ती उताऱ्याच्या गटात हवी. गोष्ट वाचायची, प्रश्न काढायचे, शेवट बदलून लिहायचा. लहानांना शिकवायला रोज बसवू नये, ती काय बाईंची मदतनीस नाही 😀

गणितवाले सर
कपातीत धडे वगळले, पण गणितात वगळलेलं पुढच्या वर्षी दारात उभं राहतंच. दशक-एकक कच्चं असेल तर हातच्याची बेरीज नाही आणि मग गुणाकार कुठला. मी पुस्तकाचा क्रम सोडलाय, आधी काड्यांच्या जुड्या, दिवाळीपर्यंत तीन अंकी संख्या आली तरी चालेल. परिसर अभ्यासात तसं नसतं, पाणी घ्या, अन्न घ्या, कुठूनही सुरू करा, आणि तेच धडे वाचनाला वापरा. नियोजनात तसंच लिहायचं आणि सेतूच्या चाचणीचे गुण जोडायचे, विचारलं की दाखवता येतं.

तिसरीच्या बाई
परिसर अभ्यासचं पटलं. पण दीड तास आणू कुठून, दुसरे सर रोज ऑनलाइन माहिती भरण्यात.

फळा_खडू
मराठी-गणिताच्याच तासिका जोडा, वेगळा वेळ नको. आणि सर माहिती भरताना उतारावाले त्यांच्या खोलीत बसवा, त्यांना फारसं बघावं लागत नाही.