चालू लिस्ट क्लिक करताना हलली तर चालेल का?

कोरी_ओळ:
डब्ल्यूपीएफमधे (विंडोजवरचे प्रोग्रॅम बनवायचं मायक्रोसॉफ्टचं फ्रेमवर्क) एका दवाखान्यासाठी ओपीडीची पेशंट लिस्ट केलीय, रिसेप्शन, नर्स, डॉक्टर तिघांच्या पीसीवर तीच दिसते. नवीन नोंद झाली की सगळीकडे लगेच येते, इमर्जन्सी असेल तर थेट वर. मागच्या आठवड्यात नर्स एका ओळीवर क्लिक करायला गेली आणि नेमकी तेव्हाच वर इमर्जन्सीची ओळ घुसली, बाकीच्या सगळ्या एकेक खाली सरकल्या आणि एकाचं बीपी दुसऱ्याच्या नावावर चढलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. माझं मत आता पक्कं झालंय, ज्या लिस्टवर माणूस काम करतोय ती त्याला न विचारता हलता कामा नये. नवीन नोंदी बाजूला साठवा, वर "३ नवीन पेशंट" अशी पट्टी दाखवा, ती दाबली की मगच आत घ्या.

घाटावरचा:
अजिबात पटलं नाही. इमर्जन्सी पट्टीमागे लपवणार? ती दाबायची राहिली तर? तुमची चूक लाइव्ह दाखवण्यात नाही, मधेच घुसवण्यात आहे. साधे पेशंट शेवटी जोडा आणि इमर्जन्सीला वर वेगळी जागा द्या, ठरलेल्या उंचीची, म्हणजे खालचं काही हलणारच नाही.

बाइंडिंग_बाबा:
आधी सांगा, रिफ्रेश कसं करताय? क्लिअर मारून, म्हणजे सगळी यादी पुसून, परत भरताय का?

कोरी_ओळ:
हो, दर ५ सेकंदांनी.

बाइंडिंग_बाबा:
मग निवडलेली ओळही दर ५ सेकंदांनी सुटत असणार. ऑब्झर्व्हेबलकलेक्शन (बदल झाला की स्क्रीनला आपोआप कळवणारी यादी) वापरताय ना, मग नोंदीच्या आयडीवरून जुनी-नवी यादी ताडून बघा आणि जेवढं बदललं तेवढंच इन्सर्ट, रिमूव्ह, मूव्ह करा. आणि हे स्क्रीन चालवणारा थ्रेड सोडून दुसऱ्या थ्रेडवरून केलंत तर एक्सेप्शन येईल, डॉटनेट ४.५ पासून त्यासाठी एनेबलकलेक्शनसिंक्रोनायझेशन आहे, नाहीतर सरळ डिस्पॅचरवरून करा, तो काम स्क्रीनच्या थ्रेडकडे सोपवतो.

जुना_डेल्फीवाला:
दिवसाला दीडशे पेशंट, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? क्लिअर करा, भरा, निवडलेला आयडी लक्षात ठेवून परत निवडा. चार ओळींचं काम आहे, उद्या दुसरा कोणी कोड वाचेल त्यालाही कळेल.

बाइंडिंग_बाबा:
स्पीडचा प्रश्नच नाहीये दादा. क्लिअर आणि भरण्यामधे स्क्रोल उडतो, तिथे बघत बसलेल्या माणसाची नजर हरवते. ती चार ओळींत परत येत नाही.

काउंटरवरची:
मी सहा वर्षं हॉस्पिटलच्या काउंटरवर काढलीत म्हणून सांगते, ती पट्टी कोणी दाबणार नाही. एका कानाला फोन, समोर दहा माणसं, त्यात पट्टी कोण बघतंय? घाटावरचा म्हणतायत तेच करा, इमर्जन्सी वेगळी आणि लाल. आणि बीपी भरायच्या स्क्रीनवर नाव आणि वय मोठ्या अक्षरात पाहिजेच, चुकीची ओळ उघडली तरी तिथे कळतं.

कोरी_ओळ:
इमर्जन्सीचं मान्य, आणि नावाचंही, ते उद्याच टाकतो. पण शेवटी जोडल्याने प्रश्न अर्धाच सुटतो. आलेल्यांचं झालं, गेलेल्यांचं काय? तपासून झालेला पेशंट वरून निघाला की खालचे सगळे वर सरकतात आणि क्लिक परत चुकतो. म्हणून माझं म्हणणं तिथेच आहे, काढणंसुद्धा विचारूनच व्हायला हवं.

घाटावरचा:
काढूच नका ना मग. झालेली ओळ राखाडी करून जागेवरच ठेवा.

जुना_डेल्फीवाला:
म्हणजे संध्याकाळपर्यंत दीडशे ओळी आणि त्यातल्या सव्वाशे राखाडी. चालू पेशंट शोधायला स्क्रोल करत बसायचं का?

बाइंडिंग_बाबा:
उघडताना पहिल्या चालू ओळीवर न्या, झालं. दीडशेचं ओझं नाही, लिस्टबॉक्स (यादी दाखवणारा कंट्रोल) दिसतात साधारण तेवढ्याच ओळी बनवतो. फक्त तो स्टॅकपॅनेलमधे (गोष्टी एकाखाली एक रचणारी चौकट) ठेवू नका, तिथे त्याला उंचीची मर्यादा राहत नाही आणि तो सगळ्याच्या सगळ्या बनवत बसतो.

काउंटरवरची:
राखाडी चालेल, उलट बरंच, लोक परत येऊन विचारतात माझा नंबर होऊन गेला का. पण सकाळची ओपीडी संपली की त्या काढायचं बटण रिसेप्शनकडेच द्या, नर्सकडे नको.