ईएसजीतल्या ‘जी’ला मराठीत काय म्हणायचं?

तळटीप

मंडळी, मदत हवी आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कौटुंबिक कंपनीसाठी प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत करतेय. वाचणार संचालक मंडळ आणि वरचे अधिकारी. मंडळावरचे दोघे ज्येष्ठ मराठी शाळेत शिकलेले आहेत, आणि पुढे हीच पुस्तिका खातेप्रमुखांनाही वाटायची आहे. कंपनी स्वतः शेअर बाजारात नाही, पण तिचा माल ज्यांना जातो त्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्याकडून ईएसजीच्या (एन्व्हायर्न्मेंट, सोशल, गव्हर्नन्स, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनी कशी चालवली जाते) लांबलचक प्रश्नावल्या यायला लागल्यात.

आधीच्या कोणीतरी केलेल्या कच्च्या मसुद्यात ‘पर्यावरणीय, सामाजिक आणि प्रशासन शाश्वतता नेतृत्व’ असं शीर्षक आहे. मोठ्याने वाचून बघा. ‘शाश्वत नेतृत्व’ म्हटलं की मला तरी खुर्ची न सोडणारा पुढारीच दिसतो. ‘प्रशासन’ म्हटलं की पणजीतलं एखादं सरकारी खातं. काय करू?

कुळागर

‘शाश्वत’वर वेळ घालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालानंतर मराठीत ‘शाश्वत विकास’ रुळला तो रुळलाच. शब्दाचा मूळ अर्थ ‘कायमचा’ आहे, जगात कायमचं काही नसतं, वगैरे वाद फार झाले. ‘टिकाऊ’ हा बादलीला आणि चपलेला शोभतो, ‘संधारणीय’ कोणी तोंडाने उच्चारत नाही. फक्त हे विशेषण विकासाला, व्यवसायाला लावा, माणसांना नको.

ताळेबंद

खरी अडचण ‘जी’ची आहे. ‘प्रशासन’ सरळ काढा, ते रोजचं कामकाज झालं. ‘शासन’ म्हणजे सरकार, नाहीतर शिक्षा. काही जण ‘सुशासन’ लिहितात, पण मग निकाल शब्दातच लागून जातो. ईएसजीमध्ये एखाद्या कंपनीचा ‘जी’ वाईटही असू शकतो, तेच तर तपासायचं असतं. ‘वाईट सुशासन’ कसं लिहिणार?

माझं मत ‘कारभार’ला. मंडळावर कोण आहेत, त्यातले स्वतंत्र संचालक खरोखर स्वतंत्र आहेत का, नातेवाइकांच्या कंपन्यांशी व्यवहार कोणत्या दराने होतात, वरच्यांचे पगार कोण ठरवतं, लाचेची तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होतं, हे सगळं मराठी माणूस एकाच शब्दात विचारतो: तिथला कारभार कसा आहे?

दुपारची झोप

‘कारभार’ घरात कसा वापरतात ते विसरलात वाटतं. ‘काय कारभार करून ठेवलास हा!’ हे वाक्य ऐकत आम्ही मोठे झालो. घाटावर तर ‘कारभारी’ म्हणजे नवरा. संचालकांना हसू येईल.

ताळेबंद

येऊ दे. चांगला कारभार, गचाळ कारभार, दोन्ही बोलता येतात, म्हणूनच तो हवा आहे.

मानशीकाठचा

मी चोडणचा. ‘कारभार’ला माझाही पाठिंबा, पण गोव्यात बसून हा शब्द बोलायचा तर ‘गावकारी’, म्हणजे गावाने मिळून जमीन सांभाळायची जुनी पद्धत, आठवल्याशिवाय राहत नाही. पोर्तुगीज आले तेव्हा ती आधीपासूनच चालू होती. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये तिचे रीतिरिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद नाव पडलं. जमीन गावाची, ती कसायला पावणीने, म्हणजे लिलावाने, द्यायची, आलेल्या पैशातून आधी बांध, देऊळ, गावाचा खर्च, आणि उरेल ते गावकारांना झोण म्हणून वाटायचं. म्हणजे लाभांश होता, पण बांधाच्या नंतर. आजच्या कंपनीच्या भाषेत हे संचालकांना पटकन कळेल.

दुसरी गोष्ट मानशीची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाजन शेती भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. बांध खाऱ्या पाण्याला थोपवतो आणि मानशीची दारं भरती-ओहोटीप्रमाणे पाणी आत-बाहेर करतात. त्या दारावर मासे पकडायचा हक्क पावणीत जातो. आता विचार करा, पावणी घेणाऱ्याची कमाई माशांवर, भातावर नाही. दार जास्त वेळ उघडं ठेवलं की त्याचा फायदा. खारं पाणी शेतात घुसतं, बांध खचतो, पण तोवर त्याची मुदत संपलेली असते आणि दुसरा आलेला असतो. हे गावोगाव घडलंय. तो माणूस दुष्टच असेल असं नाही. त्याला पैसे कशाचे मिळतात ते पावणीच्या अटींनी ठरवलं आणि अटी घालणाऱ्यांनी बांधाचा विचार केला नाही.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा बोनस फक्त यंदाच्या नफ्यावर ठेवला की हेच होतं. म्हणून पगाराच्या अटींत अपघात, सांडपाणी, उत्सर्जन हेही धरा असं ईएसजीवाले संचालकांना सांगतात. तळटीपबाय, पुस्तिकेत ‘कार्यकारी मोबदल्याची संलग्नता’ असं काहीतरी असणारच. ते खोडा आणि ‘अधिकाऱ्याला पैसे कशाचे मिळतात’ असं लिहा.

खोचक

गावकारीचं कौतुक पुरे. त्या सभेत बाई बसायची का? गावकार नसलेला, प्रत्यक्ष चिखलात राबणारा बसायचा का? हक्क बापाकडून मुलग्याकडे. आज अशा मंडळाला कारभाराचे गुण किती मिळतील तेही लिहा. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची आहे. कायद्याने सांगावं लागलं यातच काय ते आलं. ‘स्वतंत्र’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण नुसती ‘स्त्री संचालक’ एवढीच अट असताना अनेक मालकांनी आपली बायको किंवा मुलगी बसवून मोकळं होणं पसंत केलं.

मानशीकाठचा

मान्य. बांध राखायची रीत चांगली होती, सभा कोणाची होती ते चांगलं नव्हतं.

डिचोलीहून

‘एस’कडेही बघा. मसुद्यात ‘स्टेकहोल्डर’ला काय लिहिलंय? बहुतेक ठिकाणी ‘भागधारक’ ठोकून देतात. ते साफ चूक. भागधारक म्हणजे ज्याचे शेअर आहेत तो. दुसरा पर्याय ‘हितसंबंधी’, पण आपल्या वर्तमानपत्रांनी त्याला इतका वास आणलाय की ‘हितसंबंधी मंडळी’ म्हटलं की कोणीतरी डल्ला मारतंय असंच वाटतं. ‘हितधारक’ कृत्रिम आहे, पण निदान गैरसमज होत नाही.

हा फरक आमच्या भागाला महागात पडलाय. गोव्यातल्या लोहखनिजाच्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला, त्याच वर्षी आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजची नूतनीकरणंही रद्द झाली. भागधारकांचं झालं ते झालं. पण कर्जावर ट्रक घेतलेला, बार्जवर काम करणारा, शेतात खाणीचा गाळ आलेला, विहीर आटलेला, ही माणसं कुठल्याच ताळेबंदात नव्हती. त्यातले काही खाणीच्या बाजूचे, काही विरुद्ध, आणि काही तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं. या सगळ्यांना मिळून शब्द हवा. मी बोलताना ‘ज्यांना झळ लागते ते’ म्हणतो. पुस्तिकेत चालणार नाही, कळतंय मला.

ताळेबंद

पहिल्यांदा येईल तिथे ‘हितधारक, म्हणजे कंपनीच्या निर्णयांची झळ किंवा लाभ ज्यांना पोचतो ते’ असं लिहा, पुढे नुसतं हितधारक. कायदाही याच बाजूचा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १६६ मध्ये संचालकाने कंपनी, कामगार, भागधारक, समाज यांचं हित आणि पर्यावरणाचं रक्षण पाहावं असं स्पष्ट लिहिलंय. संचालकांना हे कलम वाचून दाखवलं की अर्ध्या लोकांना ते नवीन असतं.

‘एस’वर अजून एक. ‘सामाजिक’ म्हटलं की आपल्याकडे वह्यावाटप आणि रक्तदान शिबिर. ते सीएसआर, म्हणजे कंपन्यांवर कायद्याने टाकलेली समाजकार्याची जबाबदारी, कलम १३५, नफ्याच्या दोन टक्क्यांचं. केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरलाच जात नाही! उलट ईएसजीचा ‘एस’ आधी कामगारांपासूनच सुरू होतो: कंत्राटी किती, अपघात किती, बाळंतपणाच्या रजेनंतर किती जणी कामावर परत आल्या. म्हणून ‘सामाजिक’ऐवजी ‘माणसं’ असा मथळा करा असं मी सुचवेन. ‘पर्यावरण, माणसं, कारभार.’

कुळागर

छान वाटतंय, पण प्रश्नावलीत ‘सामाजिक’ असेल आणि पुस्तिकेत ‘माणसं’, तर खातेप्रमुख गोंधळतील. ‘समाज’ ठेवा आणि पहिल्याच ओळीत कामगार आणा.

तळटीप

कुळागर, ते पटलं. ‘कारभार’ नक्की केला. राहिलं ‘लीडरशिप’.

ताळेबंद

त्याचं उत्तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नमुन्यातच आहे. बीआरएसआर, म्हणजे कंपनीने दरवर्षी द्यायचा जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल, २०२२-२३ पासून पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यात प्रत्येक तत्त्वाखाली दोन प्रकारचे प्रश्न असतात, एक ‘इसेन्शियल’, म्हणजे द्यावेच लागणारे, आणि दुसरे ‘लीडरशिप’, म्हणजे स्वतःहून द्यायचे. इथे ‘नेतृत्व निर्देशक’ लिहिलं तर कोणाला काही कळणार नाही. ‘अनिवार्य’ आणि ‘पुढाकाराचे’ लिहा, लगेच कळतं. शीर्षकातही तेच: ‘शाश्वत व्यवसायासाठी संचालक मंडळाचा पुढाकार’.

दुपारची झोप

हा बरा आहे. पुढाकार घ्यावा लागतो, नेतृत्व काय, मिरवताही येतं.

तळटीप

घेतला. शेवटचं एकच: ‘रीझनेबल अ‍ॅश्युरन्स’ला मसुद्यात ‘वाजवी आश्वासन’ आहे.

खोचक

निवडणूक आली का?

ताळेबंद

आश्वासन अजिबात नको. बाहेरच्या तपासणाऱ्याने आकडे पडताळून दिलेला अभिप्राय तो. ‘त्रयस्थ पडताळणी’ म्हणा. तिच्या दोन पायऱ्या असतात, ‘रीझनेबल’ म्हणजे सखोल आणि ‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादित. बीआरएसआर कोअरमध्ये, म्हणजे त्या अहवालातल्या निवडक मुख्य आकड्यांसाठी, पहिल्या १५० कंपन्यांना २०२३-२४ पासून सखोलच सांगितली होती, नंतर सेबीने तिला मूल्यमापनाचा पर्याय दिला. तुमच्या कंपनीला ती आज लागू नाही, पण गिऱ्हाईक कंपनी वीजबिलं आणि डिझेलच्या पावत्या मागेल. त्यामुळे त्या पानावर शब्दाची व्याख्या थोडक्यात आटपा आणि कुठली कागदपत्रं जपायची ती यादी मोठी करा. आणि उत्सर्जनाच्या तीन गटांना म्हणतात त्या ‘स्कोप १, २, ३’चं ‘कार्यकक्षा’ करू नका, स्कोपच राहू दे. प्रश्नावलीत तेच विचारतात.