जुन्या पितळी काडतुसाचा प्राइमर तळावरून ओळखायचा की आत डोकावून?

जुनं_पितळ:
जुन्या पितळी छर्‍याच्या काडतुसात कोणता प्राइमर (आघाताने पेटून आतली दारू पेटवणारी तळातली छोटी टोपी) बसतो असं कुणी विचारलं, की सोबत फक्त तळाचा फोटो असतो. उत्तर देणारेही त्या गोल टिकलीकडे बघून ‘बॉक्सर’ नाहीतर ‘बर्डन’ यांपैकी एक प्रकार सांगून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की हे चुकीचं आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक आत असतो. बर्डनमध्ये ऐरण, म्हणजे जिच्यावर दाबला जाऊन प्राइमर पेटतो तो भाग, काडतुसाच्याच प्राइमर बसवायच्या खळग्यात घडवलेली असते आणि ठिणगी जायला तिच्या दोन बाजूंना बारीक छिद्रं असतात. बॉक्सरमध्ये ऐरण प्राइमरच्या पोटात असते, त्यामुळे काडतुसाला मधोमध एकच मोठं छिद्र पुरतं. रिकाम्या काडतुसात बॅटरीचा झोत टाका, अर्ध्या मिनिटात कळतं.

छर्रेवाला:
पटलं नाही. शंभर वर्षांची काजळी बसलेल्या काडतुसात बॅटरीने काय दिसणार? तळावरचा शिक्का तरी वाचता येतो. ईली किंवा कायनॉक हे इंग्रज कारखाने असतील तर बर्डन, विंचेस्टर किंवा यूएमसी हे अमेरिकन असतील तर बॉक्सर. बहुतेक वेळा एवढं पुरतं.

जुनं_पितळ:
नेमका इथेच घोळ होतो. ही नावं प्राइमर शोधणार्‍यांची आहेत: बर्डन स्वतः अमेरिकेचा आणि बॉक्सर इंग्लंडच्या वुलिच शस्त्रागारातला. दोघांचे पेटंट 1866 चे. पुढे इंग्रजाचा प्राइमर अमेरिकेत रुळला आणि अमेरिकनाचा युरोपात. पण हे रुळणं नंतरचं. सुरुवातीच्या अमेरिकन पितळी काडतुसांत बर्डनही सापडतात. शिक्का कारखाना सांगतो, खळगा कसा आहे ते सांगत नाही. आणि शिक्क्यावरचा ‘12’ किंवा ‘10’ हा बोअरचा, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या मापाचा, आकडा आहे. तो प्राइमरचा नंबर समजून चुकीचे प्राइमर मागवलेले लोक मी पाहिलेत.

खळगा_मापे:
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. छिद्रांची संख्यासुद्धा पक्की खूण नाही. काही बर्डन काडतुसांत एकच छिद्र असतं, काहींत तीन. म्हणून मोजण्यापेक्षा जागा बघा: मधोमध आहे की बाजूला सरकलेलं? आणि कॅलिपर (व्यास मोजायचं साधन) लावा. लार्ज बॉक्सरचा व्यास साधारण 5.33 मिमी असतो. 209 या आजच्या छर्‍याच्या काडतुसांतल्या नेहमीच्या प्राइमरचं बूड सुमारे 6.2 मिमी आणि कड जवळपास 7.8 मिमी, म्हणून तळावर वाटीत वाटी ठेवल्यासारखी दोन वर्तुळं दिसतात. पण जुन्या पितळी काडतुसात 209 दिसला तर लगेच विश्वास ठेवू नका, कुणीतरी मागाहून खळगा रुंद करून तो बसवलेला असू शकतो. कडेला ताज्या कापाची चमक शोधा.

छर्रेवाला:
मापाचं मान्य. मग सरळ जुना प्राइमर ठोकून काढा ना, ऐरण डोळ्यांना दिसेल. वाद संपला.

जुनं_पितळ:
हे मात्र कृपा करून कुणी करू नका! आत बर्डन निघाला तर मधोमध घातलेला खिळा थेट ऐरणीवर आदळतो. खिळा वाकतो नाहीतर ऐरण चेपते, आणि ते काडतूस कायमचं वाया जातं. ओळखण्यासाठी वस्तूच मोडायची, हे मला पटत नाही.

संग्राहक_जुना:
यात सुरक्षेचा मुद्दा राहून जातोय, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात आधी येतो. तळावर टोच दिसली म्हणजे प्राइमर मेला असं नाही. आघात होऊनही न उडालेले असतात. तेल सोडलं की तो मरतो ही समजूतही धोक्याची आहे. भरलेलं किंवा शंकेचं काडतूस असेल तर ना ठोकायचं, ना उकरायचं. जुन्या प्राइमरच्या मिश्रणात पार्‍याचं फल्मिनेट (आघाताने उडणारं रसायन) असायचं. त्याचा पारा पितळेत शिरला की पितळ ठिसूळ होतं, म्हणून ठोकण्याला माझाही विरोध आहे.

आणि बॉक्सर-बर्डन हे दोनच प्रकार नाहीत. ड्रेपर नावाच्या जुन्या अमेरिकन काडतुसाचं बूड आट्यांनी उघडतं आणि आत निपलवर (छोट्या पोकळ खुंटीवर) साधी, आघाताने पेटणारी पर्कशन टोपी बसते. तिथे तुमची छिद्रांची मोजणी लागूच पडत नाही.

छर्रेवाला:
ड्रेपरचं माहीत नव्हतं. ठोकण्याचा सल्ला मागे घेतो. शिक्का आधी वाचायचा, यावर मात्र मी ठाम आहे. कुठे शोधायला सुरुवात करायची ते त्यावरूनच कळतं.

जुनं_पितळ:
सुरुवात म्हणून चालेल. पण फोटो टाकताना तळाचा एक आणि आतला एक, असे दोन टाका. काजळी असेल तर सुक्या मऊ ब्रशने हलकेच पुसा, तेही काडतूस रिकामं आणि प्राइमर उडालेला आहे याची खात्री असेल तरच.