'जेनेटिक रिस्क'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: इंदिरानगरातल्या एका शाळेच्या पालकसभेसाठी एडीएचडीवरचं (लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावीळपणा) इंग्रजी पत्रक मराठीत करतेय. 'जेनेटिक रिस्क'ला मी 'आनुवंशिक धोका' लिहिलं. मसुदा वाचून एक आई म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या घराण्यातून आलं, असंच ना?" शेजारी सासूबाई बसलेल्या! मूळ मजकूर एवढंच सांगतो की एडीएचडीशी संबंधित जनुकीय बदल जास्त असलेल्या मुलांत, निदान झालेलं नसलं तरी, लक्ष टिकवण्यात आणि मेंदूच्या कामकाजात बारीक फरक दिसू शकतात. 'धोका' फार होतो. दुसरं काय?

शुद्धमती: 'आनुवंशिक' बरोबर लिहिलंत, अभिनंदन. निम्मा महाराष्ट्र 'अनुवांशिक' लिहितो. अनुवंश अधिक इक, पहिल्या स्वराची वृद्धी, विषय संपला. 'धोका'ऐवजी 'जोखीम' घ्या.

सातपूरकर: जोखीम? आमच्या आजीची जोखीम म्हणजे पाटल्या-बांगड्या. "अंगावर जोखीम घालून कुंभमेळ्यात जायचं नाही," हे तिचं वाक्य. विमावाल्यांनी शब्द पळवला.

शुद्धमती: मग 'प्रवणता'.

सातपूरकर: पालकसभेत? निम्मे उठून जातील.

सिन्नरचा_पाहुणा: 'प्रवण'ला हसू नका. आमचा तालुका सरकारदप्तरी अवर्षणप्रवण, आणि हा शब्द बांधावरच्या माणसालाही पाठ आहे. म्हणून दरवर्षी दुष्काळ पडतो का? पाऊस कसा झाला, विहिरीला पाणी किती, यावर ठरतं. 'आनुवंशिक प्रवणता' बिनधास्त लिहा.

पांढराकोट: सिन्नरकरांशी सहमत. जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे ७४ टक्के निघते, पण हा आकडा लोकांमधल्या फरकांपैकी किती भाग जनुकांमुळे, याचा आहे. एका मुलाचा ७४ टक्के एडीएचडी आईबापांकडून आला, असा त्याचा अर्थ नाही. २०२३च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचात एडीएचडीशी जोडलेल्या २७ जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम चिमूटभर. अशा हजारो बारीक फरकांची बेरीज करून गुणांक काढतात. त्यावरून एखाद्या पोराचं भाकीत करता येत नाही. आणि हे फरक थोडेफार आपल्या सगळ्यांतच असतात. त्या आईला सांगा, माहेरचंही आलंय.

गोदाकाठ: हे शेवटचं तुम्हीच येऊन सांगा! बरं, 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन'ला ॲपने 'कार्यकारी कार्य' दिलंय. काय करू?

पांढराकोट: शब्दच नको. 'ठरवणं, थांबणं, सुरू केलेलं तडीस नेणं' असं उलगडून लिहा.

टाकळीचा: एडीएचडी कशाला? 'अचपळ' आहे की आपल्याकडे. रामदासांनी तपश्चर्या केली ती आमच्या टाकळीत. "अचपळ मन माझे नावरे आवरीता". झालं निदान.

शुद्धमती: 'अ' नकारार्थी. अचपळ म्हणजे चपळ नसलेलं.

टाकळीचा: अहो, नसलेलं असतं तर आवरायला काय कष्ट? 'घोर' आणि 'अघोर' दोन्ही भयंकरच ना? तसाच हा 'अ'.

वेंधळी: मला यातलं काहीच लागू नाही. कॉलेज रोडच्या शाळेत मी गप्प बसून खिडकीबाहेर बघायचे. डबा, पट्टी, छत्री, सगळं हरवायचं. घरचे 'वेंधळी' म्हणायचे. निदान झालं तिशीनंतर. अवधान हरवणारा हा प्रकार मुलींमध्ये पुष्कळदा नजरेतून सुटतो, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत. 'अतिचंचल' वाचून माझ्या आईला मी आठवलेच नसते. पत्रकात तो एकच शब्द असेल तर कृपा करून बदला.

गोदाकाठ: तोच होता. बदलते.

सातपूरकर: आमच्या वेळी असल्यांना 'वांड' म्हणून दोन लावायचे, सुधारायची पोरं.

पांढराकोट: सुधारायची नाहीत, दिसेनाशी व्हायची. २००७च्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी शिखराला पोहोचण्याचं मध्यम वय इतर मुलांत साडेसात, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा आलं. तीन वर्षं मागे चाललेल्या मेंदूला छडी काय करणार?

सातपूरकर: बरं, छडी मागे घेतो. 'वांड' घेत नाही, शब्द चांगला आहे.

गोदाकाठ: मंडळी, पत्रक उद्या झेरॉक्सला जातंय. प्रवणता की जोखीम?

शुद्धमती: थांबा, ते 'अघोर' राहिलं. शिवाच्या पाच मुखांतलं एक अघोर, आणि संस्कृतात त्याचा अर्थ सौम्य. 'अ' नकारार्थीच आहे. टाकळीकरांनी खुलासा करावा.

टाकळीचा: आपण मराठी बोलतोय की संस्कृत?

सातपूरकर: आणि 'द्वाड' कुठून आला, कुणाला माहीत आहे का?